आवाज बंद, फायनल चालू

"बोलायचं नाही म्हणजे कुजबुजायचंही नाही," मी तिला पुन्हा एकदा सांगितलं.

रीमने समजल्यासारखी मान डोलावली आणि कुजबुजून विचारलं, "किती दिवस?"

मी कपाळाला हात लावला.

मी कान-नाक-घशाची डॉक्टर. मूळची सांगलीची. जेद्दाच्या एका खासगी हॉस्पिटलमध्ये बरीच वर्षं व्हॉइस क्लिनिक चालवते. म्हणजे ज्यांचं पोट आवाजावर चालतं, त्यांचे घसे बघते. शिक्षक येतात, अजान देणारे मुअज्जिन येतात, टीव्हीवाले येतात. क्वार्टरबॅक मात्र मी त्या दिवशी पहिल्यांदाच पाहिली. घरी विचारलं तर बारावीतली माझी लेक फोनमधून मान वर न करता म्हणाली, "आई, इट्स बेसिकली कॅप्टन प्लस बोलर." मराठीत विचारलं की इंग्रजीत उत्तर, हा आमच्या घरचा नियमच आहे.

तर हा पायाने खेळायचा फुटबॉल नव्हे. अमेरिकन फुटबॉल, लांबुळक्या चेंडूचा, हाताने फेकायचा. त्यातही मुली खेळतात तो फ्लॅग फुटबॉल. त्यात अंगावर पडून पाडापाडी करायची नाही. कमरेला लावलेली पट्टी ओढली की चाल तिथेच संपते. यातली क्वार्टरबॅक म्हणजे चाल ठरवणारी आणि चेंडू फेकणारी. ती मैदानावर सतत ओरडत असते. कुणी कुठे उभं राहायचं, कुठली चाल, चेंडू कधी सोडायचा, सगळं हिच्या आवाजावर चालतं. रीम वीस वर्षांची, कॉलेजात शिकणारी, आदल्या वर्षीच्या चॅम्पियन टीमची क्वार्टरबॅक. सेमीफायनल ओरडून जिंकली आणि तिथेच आवाज बसला.

नाकातून बारीक कॅमेरा घालून मी तिचा घसा पाहिला. आपल्या घशात दोन स्वरतंतू असतात. बोलताना ते सेकंदाला शेकडो वेळा एकमेकांवर आपटतात. निरोगी तंतू पांढरे दिसतात. रीमचा उजवा तंतू लालभडक होता. आतली बारीक रक्तवाहिनी फुटली होती. यावर इलाज एकच, पूर्ण मौन. ते पाळलं तर रक्त आपोआप जिरतं. नाही पाळलं तर तिथे व्रण धरतो आणि माणूस जन्मभर घोगरा बोलतो. कुजबुज तर आणखी वाईट, कारण बऱ्याच जणांचा घसा कुजबुजताना जास्तच आवळला जातो. लोकांना मात्र वाटतं, कुजबुजलं म्हणजे आवाज वाचवला. फायनल पुढच्या आठवड्यात गुरुवारी होती.

रीमची कोच नादा सोबतच आली होती. शिट्टी गळ्यातच.

"एक स्टेरॉइडचं इंजेक्शन द्या, दोक्तोरा. फायनलपुरतं."

"देईन. सूज उतरेल, आवाज परत येईल, ही ओरडेल. मग तीच रक्तवाहिनी पुन्हा फुटेल."

"फुटेलच असं नाही ना?"

"नाही. पण फुटली तर तुम्ही दुसरी क्वार्टरबॅक शोधाल. हिला दुसरा गळा कुठून आणायचा?"

नादा रागाने निघून गेली. दुपारी मेडिकल डायरेक्टर डॉ. फैसल यांचा फोन आला. "त्या टीमचे स्पॉन्सर आपल्या बोर्डाच्या ओळखीतले आहेत. काही तरी मार्ग काढा."

"मार्ग आहे सर. तिने गप्प बसायचं."

"क्वार्टरबॅकने गप्प बसून खेळायचं?"

"तो फुटबॉलचा प्रश्न आहे. घशाचा मी सोडवला."

उचलली जीभ लावली टाळ्याला. फोन ठेवल्यावर मलाच वाटलं, जरा जास्त झालं. पण राग खरा होता. वीस वर्षांच्या पोरीचा आवाज म्हणजे काय स्टेडियमचा लाउडस्पीकर आहे, बिघडला की बदलायला?

आता दुसरा पेशंट. सालेम. पन्नाशीचा सौदी नट, सिनेमातल्या कामासाठी मोठं अवॉर्ड मिळालेला. मी त्याच आठवड्यात त्याच्या स्वरतंतूवरचा पॉलिप, म्हणजे मांसाचा छोटा फोड, काढला होता. त्यालाही मौन. आणि हा गृहस्थ मौनात असा रमला होता की बघत राहावं. हॉस्पिटलच्या पायजम्यातही पेशंट दिसायलाच तयार नाही, जणू मुक्या माणसाची भूमिका मिळाली आहे. फोनवर टाइप करायचा, तेही नाइलाज झाला तरच. एरवी भुवया पुरत होत्या.

आमची रुकसाना सिस्टर दापोलीची. माझ्याशी बोलायला तिला हिंदी लागत नाही. दोघांनाही मी दोन दिवस नजरेखाली ठेवून घेतलं होतं, आणि ती दर तासाला रिपोर्ट द्यायची. "मॅडम, हिरो एकदम शहाणा हाय. ती पोरगी ऐकत नाय. बाथरूममध्ये जाऊन फोनवर कुजबुजते."

मी दोघांची तुलना करायला लागले ती तेव्हापासून. दोघं आपापल्या कामात अव्वल, दोघांचा मान आवाजावरच. मग एक ऐकतो आणि एक ऐकत नाही, हे कसं? उत्तर सोपं होतं. नटाला आयुष्यभर डायरेक्टर सांगतो, उभा राहा, बस, पुन्हा कर. क्वार्टरबॅक हीच डायरेक्टर. तिला हुकूम सोडायची सवय, घ्यायची नाही. त्यात तिला भीती वाटत होती. आवाज गेला म्हणजे टीम गेली, असं तिच्या डोक्यात पक्कं बसलं होतं. तिने फोनवर टाइप करून मला दाखवलं होतं, "मी बोलले नाही तर मी कोण?"

मी पुढचा पेशंट बोलावला.

त्याचं उत्तर मिळालं ते वेटिंग रूममध्ये. आमच्या वेटिंग रूममध्ये गहवा असतो. फिकट, वेलदोड्याची अरबी कॉफी, सोबत खजूर. गहवा देणारा हसनचाचा दल्ला, म्हणजे ती चोचीची किटली, घेऊन फिरतो. इथली रीत अशी की छोटा कप रिकामा झाला की तो न विचारता भरतो. नको असेल तर कप मनगटातून डावी-उजवीकडे हलवायचा. बस, एवढंच. शब्द लागत नाही. इथे ही गोष्ट लहान मुलांनाही माहीत असते.

त्या दिवशी दोन मौनी शेजारीशेजारी बसले होते. सालेमने खजुराच्या ताटलीकडे असं टक लावून पाहिलं की हसनचाचा ताटली आणायला वळला. तेवढ्यात सालेमने चाचाच्या पाठीमागच्या टेबलावरची रीमची केकची बशी उचलली. रीमने तिकडे पाहिलंच नव्हतं, तीही ताटलीकडेच बघत होती. चाचा ताटली ठेवून कप भरायला वाकला, तसा सालेमने कप हलवला. चाचा थांबला.

रीम ताडकन उठली. रुकसाना ओरडली, "ए, बोलू नको हां!" पण रीम बोलली नाही. तिने सालेमकडे बोट दाखवलं, मग स्वतःच्या मनगटाकडे, आणि रिकामा कप हवेत हलवला. पुन्हा हलवला. मग फोन काढून धडाधड टाइप केलं आणि स्क्रीन माझ्या नाकासमोर धरली.

"हा कप माझ्या टीममधली प्रत्येक मुलगी ओळखते."

पुढचं मला नंतर नादाने समजावून दिलं. खेळ सुरू होतो तेव्हा पुढे उभी असलेली सेंटर चेंडू मागे क्वार्टरबॅककडे सोडते. तो कधी सोडायचा हे एरवी ओरडून सांगतात. आता रीम मनगट हलवणार, कप हलवल्यासारखं, आणि सेंटर मान वळवून ते बघणार. चालींना नंबर दिले. नंबर बोटांनी दाखवायचे. नादाने आधी नाक मुरडलं. एका प्रॅक्टिसनंतर तिचा मला मेसेज आला, "मुली इतकं लक्ष देऊन कधीच खेळल्या नव्हत्या."

मी परवानगी दिली, पण अटी घालून. चेंडू फेकताना दम कोंडायचा नाही, श्वास सोडत फेकायचा. दम कोंडला की स्वरतंतू एकमेकांवर घट्ट दाबले जातात. कण्हायचं नाही. जिंकलीस तरी किंचाळायचं नाही. रीमने प्रत्येक अटीला अंगठा दाखवला. माझा विश्वास बसला नाही. जित्याची खोड.

सालेम एव्हाना प्रॅक्टिसला जाऊन बसायला लागला होता. पोरी त्याला अम्मो म्हणायच्या, म्हणजे काका. त्याची गादीवाली खुर्ची, ड्रायव्हर, छत्री, सगळा लवाजमा मैदानाच्या कडेला. त्याने रीमला टाइप करून पाठवलेला एक शेरा तिने मला फॉरवर्ड केला. "तुझे खांदे डावीकडे खोटं बोलतात, पण डोळे उजवीकडे खरं सांगतात. कॅमेरा डोळे बघतो. समोरची पोरगी पण डोळेच बघते."

मध्येच त्याने मलाही प्रश्न विचारला होता. शूटिंगचा एक क्लोजअप राहिला होता, त्यात त्याला ओरडायचं होतं. आवाज नंतर डबिंगमध्ये भरणार. पण तोंड उघडून ओरडल्याचा अभिनय केला तर घशाला चालेल का?

"श्वास आत घेत तोंड उघडा," मी सांगितलं. "श्वास आत जाताना स्वरतंतू एकमेकांपासून लांब जातात. आपटत नाहीत. बाहेरून बघणाऱ्याला ओरडल्यासारखं दिसेल."

मी हे सांगितलं आणि विसरूनही गेले.

गुरुवारी मगरिबनंतर, म्हणजे सूर्यास्ताच्या नमाजानंतर, फायनल. मी आणि रुकसाना स्टँडमध्ये. ड्यूटी नव्हती, पण मला त्या पोरीच्या घशावर नजर ठेवायची होती. गर्दी अशी की शेजारची रुकसाना काय म्हणते ते ऐकू येईना. आणि मग माझ्या लक्षात आलं, या गोंगाटात समोरच्या टीमची क्वार्टरबॅक गळा फाडून ओरडत होती, तरी तिच्या मुलींना काही कळत नव्हतं. त्या एकमेकींवर आपटत होत्या. रीम मनगट हलवत होती आणि तिची टीम घड्याळासारखी चालत होती.

तरी सामना अटीतटीचा झाला. समोरची बचाव करणारी एक उंच मुलगी भारी चपळ होती. तिने रीमचे दोन चेंडू हवेतच हाणून पाडले. शेवटच्या चालीला रीमची टीम थोडक्यात मागे. चेंडू शेवटच्या रेषेपलीकडे झेलला तर कप, नाही तर घरी.

रीमने बोटं दाखवली. मनगट हललं. चेंडू तिच्या हातात आला. ती डावीकडे वळली, डावीकडच्या पोरीकडे बघितलं आणि तोंड उघडून ओरडली.

मी उभीच राहिले. मानेच्या शिरा ताणलेल्या, जबडा फाकलेला, पूर्ण किंचाळी. रुकसानाने माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी रुतली. "संपलं मॅडम. बोंबलली पोरगी." इतकं सांगून, इतकं जपून शेवटच्या चालीला पालथ्या घड्यावर पाणी.

त्या किंचाळीकडे बघून ती उंच मुलगीही डावीकडे धावली. आणि रीमने डोळे डावीकडेच ठेवून चेंडू उजवीकडे फेकला. उजवीकडे एक छोटी पोरगी एकटीच उभी होती. तिने तो आरामात झेलला.

स्टेडियम दणाणलं. नादा मैदानात पळत सुटली. टीमच्या सगळ्या मुली ओरडत होत्या, रडत होत्या, आणि त्यांच्या मधोमध रीम दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड गच्च दाबून उड्या मारत होती. पलीकडे गादीवाल्या खुर्चीतून सालेम उठला. त्याला अजून मौन होतं. त्याने हातातला गहव्याचा कप वर धरला आणि डावी-उजवीकडे हलवला.

मला आनंद कसा होणार? मला तो लाल स्वरतंतू दिसत होता.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार, क्लिनिक बंद. मी उघडायला लावलं. रीम गळ्यात मेडल घालूनच आली. मी तिला खुर्चीत बसवून कॅमेरा घातला. रुकसाना माझ्या खांद्यावरून स्क्रीनकडे बघत होती. उजवा तंतू पांढरा होता. कडेला जुन्या रक्ताची फिकट पिवळी रेघ तेवढी उरली होती. नवीन काहीही फुटलेलं नव्हतं. मी दोनदा बघितलं, कारण पहिल्यांदा माझे डोळे भरले होते आणि नीट दिसलं नव्हतं.

"काल ओरडली होतीस ना तू?"

रीमने मान हलवून नाही म्हटलं. फोनवर टाइप केलं. "श्वास आत. अम्मोने शिकवलं. त्याने लिहिलं, डॉक्टरची आयडिया आहे."

रुकसाना म्हणाली, "अगो बाय! आम्हाला पण फसवलंस."

मी कॅमेरा बाजूला ठेवला. "आता बोल. मोठ्याने नाही, पण कुजबुजायचंही नाही. एकच शब्द."

रीमने फोन खाली ठेवला. मग स्वच्छ, गोल, तरण्या आवाजात म्हणाली, "लमा."

"लमा कोण?"

"डावीकडची मुलगी. काल तिच्या नावाने ओरडायचं राहून गेलं."

सालेमचं मौन पुढच्या आठवड्यात सुटलं. त्याचा पहिला फोन डॉ. फैसलना, तक्रारीचा. अवॉर्ड त्याच्याकडे आहे, पण त्याच्या अभिनयाला फसून भर मैदानात कुणी उलट्या दिशेला धावलेलं नाही, आणि त्या पोरीला रिटेकही नव्हता. डॉ. फैसलनी ते मला हसत सांगितलं आणि विचारलं, "मग तुमच्या मते मोठं कोण? चॅम्पियन क्वार्टरबॅक की अवॉर्डवाला नट?"

"दोघंही बरे झाले सर. माझ्याकडे मोठा तोच, जो ऐकतो."

आता कुणी पेशंट कुजबुजला की मी त्याला लेक्चर देत नाही. वेटिंग रूममध्ये नेऊन बसवते आणि हसनचाचाला सांगते, कप हलवेपर्यंत भरत राहा. पाचव्या कपापर्यंत प्रत्येकाला गप्प राहून नाही म्हणता येतं.