किट नको, नुसती बॉडी द्या

विलासराव माझ्यावर कधीच चिडत नाहीत, आणि माझं खरं दुखणं तेच आहे.

विलासराव म्हणजे माझे साडू, बायकोच्या धाकट्या बहिणीचे यजमान. केजला शाळेत मास्तर. माझं गेवराईत बी-बियाणं आणि फवारणीच्या औषधांचं दुकान. लग्नात सासऱ्यांनी दोघांना सारखाच मान दिला, सारखाच पोशाख केला, म्हणजे तक्रारीला जागा नव्हती. पुढं विलासरावांनी कॅमेरा घेतला आणि सगळा घोळ झाला. कॅमेरा तरी केवढा? मिररलेस म्हणतात त्या जातीतलं अगदी शेंडेफळ, नवशिक्यांसाठी असतो तो, तळहातावर मावणारा. पण त्या माणसानं त्यातून सासूबाईंचा भाकरी थापतानाचा असा काही फोटो काढला की, नांदूरघाटला सासरवाडीत माझं दुकानच बसलं. मी गेलो की "या दाजी, बसा." विलासराव आले की "विलासराव आले, पोरींनो केस विंचरा!" मी त्यांच्या आधी चार वर्षं जावई झालो होतो, याची कुणाला काही किंमतच राहिली न्हाई.

तरी मी गप्प होतो. पण सासऱ्यांची, म्हणजे आमच्या आण्णांची पंचाहत्तरी आली. बैठकीच्या भिंतीवर लावायला सगळ्या खानदानाचा एक मोठा फोटो काढायचं ठरलं. आण्णा जेवता जेवता सहज बोलून गेले, "फोटो आपले विलासराव काढतील." आपले! माझ्या घशात घास अडकला. बायकोनं पाठीत बुक्की घालून तो खाली ढकलला, पण तो शब्द काही खाली गेला न्हाई. मी तिथंच ठरवलं, त्या भिंतीवरचा फोटो माझ्या हातचा असणार.

गेवराईला आलो आणि अभ्यासाला लागलो. महिनाभर गल्ल्यावर बसून मोबाईलवर कॅमेऱ्यांचे व्हिडिओ बघितले. गिऱ्हाईक कपाशीवरच्या मव्याला औषध मागायचं आणि मी त्याला सेन्सरचं माप सांगायचो. उधारीच्या वहीच्या मागच्या पानावर मधोमध रेघ मारली. डावीकडं लिहिलं 'त्यांचा', उजवीकडं 'माझा'. त्यांचा सेन्सर लहान, माझा मोठा, फुलफ्रेम. त्यांच्यात कार्ड एक, माझ्यात दोन. त्यांचा प्लॅस्टिकचा, माझा धुळीला आणि पाण्याला दाद न देणारा. त्यांचा सेकंदाला मोजकेच फोटो काढणार, माझा तीस. (आण्णांना नुसती मान वळवायला दोन मिनिटं लागतात. सेकंदाला तीस फोटो कुणाचे काढणार, हा प्रश्न मला तेव्हा पडला न्हाई.) सगळे व्हिडिओवाले शेवटी मात्र एकच सांगायचे: नवीन माणसानं साधाच कॅमेरा घ्यावा, महागाचा व्यावसायिक कॅमेरा त्याच्या कामाचा नसतो. तिथं आलं की मी व्हिडिओ बंद करायचो.

मग पुण्याच्या एका दुकानदाराला फोन लावला. मॉडेल सांगितलं तसा तो लगेच "सर, सर" करायला लागला. इतका मान मला सासरवाडीत उभ्या जन्मात मिळाला न्हवता. त्यानं विचारलं, "सर, किटमध्ये देऊ का नुसती बॉडी?"

आता हे ज्याच्या त्याच्या धंद्यावर असतं बघा. आमच्या दुकानात फवारणी पंपाबरोबर किट येतं. मास्क, हातमोजे, गॉगल. एकही शेतकरी ते घेत न्हाई. "किट ठेवा तुमच्याकडंच, नुसता पंप द्या," म्हणतो. मी म्हणलं, हा पुणेवाला मला हातमोजे खपवायला बघतोय. मी पण वीस वर्षं दुकानात काढलीत.

"किट नको," मी ठणकावून सांगितलं. "नुसती बॉडी द्या."

"वा सर, प्रोफेशनल माणसं बॉडीच घेतात," तो म्हणाला. मी दिवसभर हवेत होतो.

ठरलं असं, की पंचाहत्तरी रविवारी, तर शुक्रवारी पहाटे पुण्याहून सुटणाऱ्या ट्रॅव्हल्सनं खोकं यायचं, मी ते मांजरसुंब्याला उतरवून घ्यायचं आणि तसंच नांदूरघाट गाठायचं. बायको तयारीसाठी चार दिवस आधीच माहेरी गेलती. तिला मी कॅमेऱ्यातलं अक्षरही सांगितलं न्हवतं, कारण तिनं पहिलं व्हिडिओवाल्यांचंच वाक्य बोलून दाखवलं असतं.

इथवर सगळं सरळ होतं. पण शुक्रवारी सकाळी खोकं निघाल्याचा दुकानदाराचा निरोप आला. एवढी मोठी गोष्ट घडतीय आणि विलासराव आरामात चहा पीत बसलेत, हे मला बघवेना. म्हणलं, थोडी मिरची लावावी. सगळं सांगायचं न्हाई, नुसता धूर सोडायचा. म्हणून घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मी दोनच ओळी टाकल्या:

'बॉडी पहाटे पुण्याहून निघाली आहे. दुपारी मांजरसुंब्याला ताब्यात घेऊन थेट नांदूरघाटला आणतो.'

आणि फोन बंद करून खिशात टाकला. करू दे म्हणलं फोनावर फोन, तळमळू दे.

आता एक बारीकशी गोष्ट सांगायची राहिली. आण्णांचे थोरले भाऊ, तात्या, मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी आठ दिवसांपासून पुण्याला लेकीकडं होते. मला हे माहीत होतं. पण जळक्या माणसाच्या डोक्यात दुसऱ्या कुणाला जागाच नसते, तात्यांना कुठून असणार?

इकडं मी मांजरसुंब्याला ढाब्यावर शेवभाजी-भाकरी हाणत होतो, तिकडं नांदूरघाटला चूल विझवली होती. हे मला नंतर कळलं. बायकोनं निरोप वाचला आणि "तात्या गेले" म्हणून हंबरडा फोडला. माझा फोन बंद. पुण्याला तात्यांच्या लेकीला फोन लावले, तर ती उचलेना. (ती तात्यांचा डोळा दाखवायला दवाखान्यात बसली होती.) फोन उचलत न्हाई म्हणल्यावर कुणाला शंकाच उरली न्हाई. दुपारपर्यंत लातूर, परभणी, जालना, झाडून सगळे पाहुणे गाड्या करून हजर. पंचाहत्तरीला ज्यांना रजा न्हवती, तेसुद्धा आले.

ट्रॅव्हल्स आली. खोकं घेतलं, गमज्यात गुंडाळलं आणि काळी-पिवळी जीप पकडली. रस्त्याचे गचके लागू नयेत म्हणून मांडीवर धरून बसलो. नांदूरघाटला उतरलो तर दारात ही गर्दी! मला वाटलं, फुटली बातमी, माणसं कॅमेरा बघायला जमली. तेवढ्यात ओट्यावर बसलेले विलासराव दिसले. डोळे लाल, रुमालानं नाक पुसत होते. मला इतकं गार वाटलं म्हणून सांगू! म्हणलं, लागली मिरची.

मेहुणा बालाजी पुढं आला. त्याचा आवाज बसला होता. "दाजी, गाडी कुठंय?"

"काळी-पिवळीनं आलो की."

"बॉडी काळी-पिवळीत आणली?"

"मग? मांडीवर धरून आणली. जरा सुदीक हलू दिली न्हाई." मी खोकं वर उचलून दाखवलं. "वाटली त्यापेक्षा वजनदार हाय."

बालाजी खोक्याकडं बघतच राहिला. आण्णा काठी टेकत आले, खोक्यावरून हात फिरवला आणि मटकन खाली बसले. "माझ्या दादाला एवढ्याशा खोक्यात भरलं रं," एवढंच त्यांच्या तोंडून निघालं आणि बायांनी जो सूर लावला, तो थेट वेशीपर्यंत गेला असंल. कोण दादा, कसलं खोकं, मला काही कळेना. बायको माझी कॉलर धरून विचारत होती, "परस्पर उरकून आलात? आमाला तोंड तरी बघू द्यायचं!" मी म्हणलं, अगं, खोकं उघडून बघ की. त्यावर तीन चुलत्या चक्कर येऊन पडल्या.

तेवढ्यात धाकट्या काकूंचा, म्हणजे आण्णांच्या धाकट्या भावजयीचा, फोन वाजला. व्हिडिओ कॉल. पडद्यावर काळा गॉगल घातलेले तात्या! लेकीनं दवाखान्यातून बाहेर येऊन फोन बघितला, तर माहेरचे चाळीस मिस कॉल. तिनं घाबरून वडलांच्या हातातच फोन दिला होता. तात्यांना आमची रडारड ऐकू गेली तसे तेही मुसमुसायला लागले.

"कोण गेलं रं?" त्यांनी विचारलं.

काकू पदर सावरत म्हणाल्या, "तुमीच की वं, भावजी."

तात्यांनी गॉगल सारखा केला. मग दुखावल्या आवाजात म्हणाले, "मग मला कावून न्हाई कळवलं?"

खोक्यात कॅमेरा आहे हे मी कबूल केलं, त्यापुढची पाच मिनिटं मी सविस्तर सांगत न्हाई. आण्णांनी पायताण काढलं होतं, हे खरं आहे. लातूरकर पाहुण्यांनी माझी अक्कल काढायला आईवडिलांपासून सुरुवात केली, हेही खरं आहे. त्या सगळ्यातून मला वाचवलं कुणी? विलासरावांनी! मध्ये उभे राहिले आणि माझ्याकडं हात करून शांतपणे म्हणाले, "आण्णा, कॅमेऱ्याला बॉडीच म्हणत्यात. दादांचा शब्द बरोबर हाय." एवढे शिव्याशाप मला लागले न्हाईत, तेवढं ते वाक्य लागलं.

मग राग उतरला तसे सगळे हसायला लागले. आण्णा म्हणाले, एवढं गणगोत परत रविवारी कोण जमवणार, पंचाहत्तरी आजच उरकू. चूल पेटली. तात्यांसाठी आणलेल्या हाराचं काय करायचं, हा पेच पडला. तो आण्णांना घालायला सासूबाईंनी साफ नकार दिला. शेवटी नवी वस्तू घरात आली म्हणून खोक्यातून कॅमेरा काढून, कुंकू लावून, हार त्यालाच घातला. आणि आण्णांनी सगळ्यांदेखत सांगितलं, "एवढं रडवून आणलीस, तर मोठा फोटो आता तूच काढ."

महिनाभर ज्याच्यासाठी जळत होतो, ते वाक्य आण्णांच्या तोंडून निघालं होतं. सगळे ओळीत उभे राहिले. तात्या काकूंच्या हातातल्या फोनमध्ये. मी कॅमेरा डोळ्याला लावला. अंधार. पुढचं झाकण फिरवून काढलं, तर मागं काचच न्हाई. नुसतं भोक! आडात डोकावल्यासारखं आत दिसत होतं. मी कॅमेरा उलटा केला, खोकं उलटं केलं, गमजा झटकला.

विलासराव हळूच जवळ आले आणि माझ्या कानात म्हणाले, "दादा, लेन्स?"

"त्यात नसती व्हय?"

"किटमध्ये असती. तुमी नुसती बॉडी घेतली का?" हसले असते तर बरं झालं असतं. पण त्यांनी स्वतःची लेन्स काढून माझ्या कॅमेऱ्याला लावून बघितली. कंपनी वेगळी, ती बसेना. "तुमचा लई वरचा कॅमेरा हाय, दादा," ते म्हणाले, आणि तेही मनापासून म्हणाले. मग तो तळहाताएवढा कॅमेरा घेऊन ते समोर गेले, आणि मी ओळीत, आण्णांच्या शेजारी, हार घातलेली बॉडी छातीशी धरून उभा राहिलो.

तो फोटो आता नांदूरघाटच्या बैठकीत आहे. चांगला आलाय, हे मला मान्य करावं लागतं. सगळे आहेत त्यात, फक्त विलासराव न्हाईत. तरी येणारा प्रत्येक पाहुणा पहिलं हेच विचारतो, "काय झकास फोटो हाय, काढला कुणी?" आणि पुढचा अर्धा तास विलासरावांचं गुणगान चालतं. मी ऐन मध्ये उभा आहे, पण माझ्याबद्दल आजवर एकानंही तोंड उघडलं न्हवतं.

परवा मात्र परळीच्या एका म्हाताऱ्या पाहुण्यांनी उघडलं. ते फोटोजवळ गेले, चष्मा सावरला, माझ्या पडलेल्या तोंडावर आणि छातीवरच्या हारावर बोट ठेवलं. माझ्या मनात आलं, चला, एकाला तरी माझी कदर आहे. म्हातारबुवांनी हात जोडले आणि आण्णांना हळू आवाजात विचारलं, "त्या दिवशी गेले, ते ह्येच का?"