टोकाला टोक

टोकबाईंना कुणी चूक दाखवलीच, तर दाखवणाऱ्याने आधी स्वतःचे डोळे तपासून घ्यावेत, असं कारखान्यातल्या सगळ्याच बायका म्हणत. कारखाना म्हणजे एक लांबट खोली. भिंतीला लागून शिलाईची यंत्रं, मधोमध कापणीचं टेबल आणि खिडकीपाशी टोकबाईंचं स्टूल. तिथे दवाखान्यांसाठी चादरी शिवत आणि मोडका हात गळ्यात अडकवायच्या झोळ्या करत. झोळी म्हणजे पांढऱ्या कापडाचा मोठा त्रिकोण. लाकडी पट्ट्यांचा चौकोनी फर्मा कापडावर ठेवायचा, खडूने आखायचं, चौकोन कापायचा आणि कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत तिरकी कात्री चालवायची. एका चौकोनाच्या दोन झोळ्या होत.

कापायचं काम धाकटीचं. ही टोकबाईंची सख्खी धाकटी जाऊ. नवरा गेल्यावर ती घरात खचून बसली, तेव्हा टोकबाईंनीच तिला हाताला धरून इथे आणलं होतं. तिची मुलगी, शाळा, सगळं या कात्रीवर चाललं होतं.

तपासणी टोकबाईंची. झोळीची दोन लांब टोकं चिमटीत धरायची, मधोमध घडी पाडायची आणि दोन्ही कडा एकमेकींवर बसतात का बघायचं. बसल्या तर पास, नाही तर टोपलीत. टोकाला टोक लावता लावता बाईंचं खरं नाव सगळ्या विसरल्या. बाई मात्र त्या नावावर खूश होत्या.

मध्ये पुतणी घरी मोठमोठ्याने पाठ करत होती. बाजूंवरून त्रिकोण तीन प्रकारचे: समभुज, समद्विभुज, विषमभुज. दोन बाजू सारख्या असल्या की समद्विभुज, हे ऐकून टोकबाई कणीक मळता मळता थांबल्या.

"अगं, मग मी जन्मभर तेच तर तपासतेय!"

"पण काकू, कोनांवरूनही तीन प्रकार असतात. लघुकोन, काटकोन, विशालकोन. तुमचा कुठला?"

"कोनबिन तुझ्या सरांना सांग. बाजू जुळल्या की माझं काम झालं."

दुसऱ्या दिवसापासून त्या प्रत्येक झोळी 'समद्विभुज!' असं ओरडून गठ्ठ्यावर टाकू लागल्या. बायका हसून बेजार.

आणि मग एका सकाळी दवाखान्यातली नर्स अख्खा गठ्ठा परत घेऊन आली. तिने मालकिणीचा हात वाकवला, झोळी बांधली आणि बाजूला झाली. मालकिणीचं कोपर सरळ बाहेर आलं.

"पेशंटचा हात असा घसरतोय," नर्स म्हणाली.

मालकिणीचा पारा चढला. "कापलं कुणी?"

धाकटी पुढे आली.

"उद्यापासून येऊ नकोस."

टोकबाई स्टुलावरून ताडकन उठल्या. माझ्या हाताखालून गेलेला माल, आणि खराब? त्यांनी भराभर झोळ्या उचलल्या, सगळ्यांसमोर टोकाला टोक लावलं. जुळलं. दुसरी जुळली. तिसरीही जुळली. "बघा की! काय चुकलंय यात?"

नर्सने वाद घातला नाही. पिशवीतून तिने इथलीच एक जुनी, धुऊन मऊ झालेली झोळी काढली. तिचा माथ्याचा कोपरा टेबलाच्या कोपऱ्यावर ठेवला. तो नेमका बसला. मग नवीचा ठेवला. एक कड टेबलाच्या कडेला लागली आणि दुसरी टेबलाबाहेर लोंबत राहिली.

टोकबाई बघतच राहिल्या. दोन्हींच्या बाजू सारख्या, दोन्ही समद्विभुज. पण जुनीचा कोन काटकोन आणि नवीचा त्याहून फाकलेला. कोन फाकला म्हणून झोळी लांबट झाली होती आणि कोपराला पुरेल एवढी खोली तिला उरलीच नव्हती. आणि त्यांच्या घडीला यातलं काहीही कळत नव्हतं. कधीच कळलं नव्हतं.

त्यांनी फर्मा हातात घेतला आणि एक कोपरा दाबला. अख्खी चौकट कलली. चारही पट्ट्या होत्या तेवढ्याच लांबीच्या होत्या, सांध्यातले खिळे तेवढे ढिले झाले होते. रोज थोडा थोडा कलणारा फर्मा रोज डोळ्यांसमोर असून दिसला नव्हता.

मग त्यांना आठवलं. काही दिवसांपूर्वी धाकटी हळूच म्हणाली होती, "ताई, फर्मा वाकडा वाटतो हो." त्यावर त्यांनी वरही न बघता विचारलं होतं, "टोकं जुळतात ना? मग काप."

धाकटी आपली पिशवी भरत होती.

"थांबा," टोकबाई मालकिणीला म्हणाल्या. "हिने मला सांगितलं होतं. मीच काप म्हटलं. काढायचं तर मला काढा."

मालकिणीने दोघींकडे आळीपाळीने बघितलं आणि शेवटी म्हणाली, "आधी फर्मा ठोकून घ्या. मग हा सगळा गठ्ठा दोघींनी मिळून नव्याने कापा."

ती आत गेल्यावर टोकबाई धाकटीवर जवळजवळ खेकसल्या. "नोकरी जात होती तुझी! तोंड उघडायला काय झालं होतं?"

धाकटीने पिशवीतली कात्री काढून परत टेबलावर ठेवली.

"ताई, तुम्ही जुळलं म्हणालात. मला वाटलं, माझेच डोळे वाकडे आहेत."