अक्कांनी न ऐकलेलं वाक्य

"प्रेमाचा प्रसंग लिहिलायस ना? मग उभा राहा आणि मोठ्यानं वाच." अक्कांचा हा नियम आम्हा सगळ्यांना पुरून उरला. सोलापूरच्या पूर्व भागात त्यांच्या घरी आम्ही चार-पाच लिहिणारे रविवारी जमायचो. अक्का शाळेतून निवृत्त झालेल्या, कथा लिहिणाऱ्या. घरची बोली तेलुगू आणि लेखणी मराठी. कथेतला खून मनातल्या मनात वाचलेला त्यांना चालायचा, प्रेम मात्र सगळ्यांसमोर स्वतःच्या आवाजात वाचायचं. एकदा माझा नायक म्हणाला, 'तुझ्या नेत्रांच्या डोहात मी पुरता बुडून गेलो आहे.' अक्कांनी चष्मा काढला. "घरी बायकोला असं म्हणतोस काय रे?"

"नाही, अक्का."

"मग हा कोण मधेच बोलायलाय? त्याला बाहेर काढ की आधी."

मंडळी हसून लोळली. माझे कान तापले, पण घरी जाऊन ते वाक्य खोडलं.

त्यांचा दुसरा प्रश्न ठरलेला असे. "त्या वेळी घरात आणखी कोण कोण आहे?" आमच्या नायक-नायिकांना बिचाऱ्यांना नेहमी एकांत मिळायचा. अक्कांना ते पटायचं नाही. "आमच्या घरी दोन खोल्या. सासू, नणंदा, पोरं, आणि पुढच्या खोलीत दोन यंत्रमाग. नवरा-बायकोनं बोलायचं कुठं? माग चालू असताना बोलायचं. त्या खडखडाटात खेटून उभ्या माणसालासुद्धा ऐकू जात नाही. ओठ बघायचे नि समजून घ्यायचं. आमच्याकडं सगळ्या बायकांना येतं ते." हे सांगताना त्या आवाज न काढता ओठ हलवून दाखवायच्या आणि मग एकाएकी गप्प व्हायच्या. ती शांतता मला सोसायची नाही.

तिचं कारण पुढं कळलं. अक्का स्वतःच्या संसारावर एक कादंबरी लिहीत होत्या आणि ती एका वाक्यापाशी अडली होती. बऱ्याच वर्षांपूर्वी एकदा त्यांचे यजमान मागावर उभे होते, अक्का खाली वाकून तुटलेलं सूत जोडत होत्या. ते काहीतरी बोलले. अक्कांनी वर पाहिलं तोवर ओठ मिटले होते. त्यांनी पुन्हा विचारलं नाही. हसून नुसतं 'हो' म्हटलं. त्याच संध्याकाळी ते छातीत कळ येऊन गेले. "मी कशाला हो म्हटलं, ते कळल्याशिवाय हे पुस्तक कसं संपवू?" असं त्या एकदाच म्हणाल्या. नंतर आमच्याकडं पाठ करून बराच वेळ चहा ओतत राहिल्या.

मग आम्ही सगळे त्या वाक्याच्या मागं लागलो. कुणी 'तू दमलीस' सुचवलं, कुणी 'तू होतीस म्हणून'. कुणी तर सात जन्म आणले. अक्का प्रत्येक वाक्य नीट ऐकायच्या आणि मान हलवायच्या. "छान आहे, पण आमचे हे असं नसते बोलले. आणि बोलले असते तेलुगूत. मी मराठीत आणायला गेले की ते वाटेतच सांडतात." माग तर कधीच विकले गेले होते. तरी बोलता बोलता अक्का पुढच्या रिकाम्या खोलीकडं वळायच्या, पाहायच्या आणि आवाज चढवायच्या. कुणी विचारलं तर म्हणायच्या, "माग गेले, पण माझ्या कानातले कोण नेणार?"

शेवटच्या आजारात त्यांनी हट्टानं खाट त्याच खोलीत टाकून घेतली. मी भेटायला गेलो तेव्हा कादंबरीची वही माझ्या हातात देऊन म्हणाल्या, "तो प्रसंग वाच." मी उभा राहिलो. नियम तो नियम. माग चालू झाला, सूत तुटलं, ती वाकली. तिथं मी थांबलो.

"वाच की."

"पुढं काहीच नाही, अक्का."

"मग नुसते ओठ हलव. आवाज नको."

मला तेलुगू येत नाही. त्यांचे यजमान मी फक्त भिंतीवरच्या फोटोत पाहिलेले. काय बोलावं सुचेना, तेव्हा घरून निघताना मी बायकोला रोज जे म्हणतो तेच म्हटलं, बिनआवाजी. या वेळी अक्का वाकल्या नव्हत्या. त्या माझ्या ओठांकडं टक लावून पाहत होत्या. खरं तर माझ्याकडं नाही, माझ्या जागी उभ्या असलेल्या कुणाकडं तरी. मला पाठीमागं वळून बघायचा धीर झाला नाही. त्या हळूच हसल्या. "हो," म्हणाल्या, आणि डोळे मिटले. त्यानंतर त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. त्या आठवड्यातच गेल्या.

मी काय म्हटलं ते मी कुणाला सांगितलेलं नाही. अजूनही प्रेमाचा प्रसंग लिहायला बसलो की कानात माग सुरू होतो. पण ते सोसता येतं. सोसत नाही ते सकाळचं. दारात चपला घालताना मी ते रोजचं वाक्य म्हणायला जातो आणि आवाजच फुटत नाही, नुसते ओठ हलतात. बायको माझ्या ओठांकडं बघते आणि 'हो' म्हणते.