मांडीवर मोटार घेतलेला माणूस

आमचे चित्रकलेचे खिल्लारे सर माणसं चेहऱ्यावरून ओळखत नसत. ज्याचं चित्र त्यांनी एकदा काढलं, तोच त्यांना ओळखू येई. सिडकोतल्या आमच्या शाळेत त्यांची सव्वीस वर्षं झाली होती, तरी शेजारच्या वर्गावरच्या गणिताच्या सरांना ते दर जूनमध्ये "आपण नवीन का?" असं विचारत. उलट कधीकाळी त्यांनी स्टँडवर पेरू विकणाऱ्या गोजरबाईंचं चित्र काढलं होतं. त्यांना ते दहा वर्षांनीही गर्दीत पाठीमागून हाक मारत.

सर मूळचे वैजापूरकडचे. वडील बैलगाड्या आणि ट्रॉल्या रंगवायचे. त्यामुळे सरांची रेघ फूटपट्टीशिवाय सरळ यायची, आणि हेच त्यांना नडलं. बाकांवर नंबर टाका, कबड्डीचं मैदान आखा, पाहुणे आले की रांगोळी काढा, अशा सगळ्या कामांना शाळेला ते आठवत. शिकवायला म्हणून त्यांना नववीवर मंगळवारचे मधल्या सुट्टीनंतरचे जोडून दोन तास मिळत. त्यावरही गणिताचा डोळा होता.

सर वर्गात घर, डोंगर, मधून उगवणारा सूर्य आणि नारळाचं झाड काढू देत नसत. "नारळाचं झाड तुझ्या कॉलनीत कुठंय? दाखव, आत्ता जाऊ," म्हणत. एकदा खरंच चाळीस पोरांना घेऊन निघाले होते. त्यांना समोर खरा माणूस बसलेला हवा असायचा. मुख्याध्यापिका तुपेबाई कधी शिपायाला पाठवत, पण तो बसल्या बसल्या झोपायचा आणि हनुवटी खाली गेली की आमची मापं चुकायची. एका मंगळवारी वैतागून बाई म्हणाल्या, "पाठवते कुणालातरी."

कुणालातरी पाठवायला त्या विसरल्या. पण तास सुरू झाला आणि एक माणूस घाईघाईनं वर्गात शिरला. पन्नाशीचा, निळ्या चौकड्यांचा शर्ट, छातीशी पाण्याची मोटार धरलेली. व्हरांड्यातून तुपेबाई येत होत्या, म्हणून तो आत घुसला होता, हे आम्हाला नंतर कळलं.

"या, उशीर केलात," सर म्हणाले. "नाव?"

"कडूबा," तो घाबरून खरं बोलला.

"स्टुलावर बसा. ते खाली ठेवू नका, मांडीवर राहू द्या. छान दिसतंय."

कडूबा बसला. पहिली पाच मिनिटं तो दाराकडे बघत होता. सरांनी दोनदा "मान!" म्हटल्यावर तो भिंतीकडे बघायला लागला. आम्ही बेचाळीस जण खाली मान घालून कामाला लागलो. थोड्या वेळानं आमच्यातला सम्यक उठला.

"सर, मोटारीवर आपल्या शाळेचं नाव आहे."

"मग काढ ना. एक अक्षर सुटलं नाही पाहिजे."

आमची मोटार लोखंडी झाकणाखालच्या खड्ड्यात असायची. ती कुणी पाहिलेलीच नव्हती, म्हणून ही बाईंनीच चित्रासाठी पाठवली असेल असं आम्हाला वाटलं. मोटारीच्या अंगावर थंडाव्यासाठी पंख असतात. ते पंख आम्ही त्या दिवशी मोजून काढले. आज मी वाळूजच्या एका कारखान्यात यंत्रांची ड्रॉइंग करतो, पण एवढ्या लक्षपूर्वक मोटार पुन्हा कधी पाहिली नाही.

घंटा झाली. सरांनी कडूबाला चहा पाजला आणि बजावलं, "सावली राहिली आहे. पुढच्या मंगळवारी हाच शर्ट, अन् ही मोटार घेऊनच या."

कडूबा मोटार घेऊन फाटकातून निघून गेला. जड होती म्हणून दोन पोरांनी फाटकापर्यंत हात लावला.

गुरुवारी नळाला पाणी आलं. आमच्याकडे ते आठवड्यातून एकदाच येतं. खालची टाकी भरली, पण वरच्या टाकीत चढवायला मोटार कुठं होती? आमची चित्रं पाहून तुपेबाईंनी सरांना स्टाफरूममध्ये सगळ्यांसमोर विचारलं, "चोराला दीड तास बसवून ठेवलं, अन् सोडून दिलं?"

"तास संपला होता, बाई."

"वर चहा पाजला!"

"मॉडेलला चहा देतातच."

"मंगळवारपर्यंत मोटार परत आली नाही, तर तुमचे दोन्ही तास गणिताला. कायमचे."

सर एवढंच म्हणाले, "येईल तो. सावली राहिली आहे." स्टाफरूम खो खो हसली. पण त्या दिवशी सरांनी डबा उघडला नाही.

चौकशीला हवालदार दांडगे आले. त्यांनी बेचाळीस चित्रं टेबलावर पसरली. "एकच चोर होता का बेचाळीस?" एका चित्रात नुसती पाठ होती. "हे कोण?"

"तोच. मी स्टुलाच्या मागं बसलो होतो, साहेब," एक पोरगा म्हणाला.

दांडगे खूप वेळ बघत राहिले. "माणूस सापडंल न सापडंल," ते म्हणाले, "मोटार मात्र मी अंधारातबी ओळखीन."

मंगळवारी ते साध्या कपड्यांत शेवटच्या बाकावर बसले. सरांनी त्यांच्यापुढे कागद आणि पेन्सिल ठेवली. "माझ्या वर्गात रिकामं कुणी बसत नाही."

तास सुरू झाला. स्टूल रिकामंच. सर दारात उभे, खडूचा हात पुन्हा पुन्हा विजारीला पुसत. पाच मिनिटांनी कडूबा आला. निळा शर्ट, छातीशी मोटार.

सर ओरडले, "शर्ट धुतला कशाला? सुरकुत्या गेल्या ना सगळ्या!"

"बाईल ऐकंना सर," कडूबा ओशाळून बसला.

आम्ही मागं पाहिलं. दांडगे एक डोळा मिटून, पेन्सिल हातभर लांब धरून कडूबाचं नाक मोजत होते. वीस मिनिटं गेली. सम्यक कुजबुजला, "साहेब, पकडा ना."

"थांब रे. कान राहिलाय."

"मग तुम्ही शाळेत कधी चित्र नाही काढलं?" पुढच्या बाकावरच्या मेघानं विचारलं.

"आमच्या शाळंत चित्रकलेच्या तासाला गणित घ्यायचे."

"मग गणित तरी आलं का?"

"तेबी नाय," दांडगे मान वर न करता म्हणाले.

दारात तुपेबाई उभ्या होत्या. त्यांनी हे ऐकलं.

घंटा झाल्यावर दांडग्यांनी उठून कडूबाच्या खांद्यावर हात ठेवला. कडूबाला सगळं कळलं, पण त्यानं आधी चित्र मागून पाहिलं आणि परत दिलं. "नाक लई मोठं झालं साहेब."

"आहेच तेवढं. मोजलंय. मोटार इकली का नाय रं?"

"सर म्हनले व्हते घेऊनच या. इकली असती तर मांडीवर काय घेऊन बसलो असतो?"

दांडगे मोटार उचलायला वाकले. पुरावा म्हणून ती चौकीत जमा होणार, खटला संपेपर्यंत. म्हणजे नळ कोरडे, आणि मंगळवार गणिताचा. कडूबानं उठून सरांना स्टूल दिलं.

दांडगे थबकले. हातातल्या कागदाकडे, मग आमच्या कागदांकडे पाहिलं. "मोटार बाईंच्या सहीवर हितंच ठिवू. वर्णनाला ही चित्रं जोडतो. पंख मोजलेले हायेत, अजून काय लिव्हायचं? माझं तेवढं मी ठिवतो. कानाची सावली राहिलीय."

तुपेबाईंनी सही केली. मग भिंतीवरच्या वेळापत्रकात पेन्सिलीनं आधीच लिहून ठेवलेलं 'गणित' त्यांनी सरांच्या खोडरबरानं खोडलं. निघताना दारात थांबल्या आणि केस सारखे करत म्हणाल्या, "पुढच्या मंगळवारी कोण बसणार आहे?"

सरांनी त्यांच्याकडे निरखून पाहिलं.

"आपण नवीन का?" ते म्हणाले. "या ना, बसा."