कान्हेरीच्या उतरायच्या पायऱ्या

आईच्या गुडघ्यांचं ऑपरेशन ठरलं, तेव्हा तिने एकच अट घातली: त्याआधी कान्हेरीची लेणी बघायची. आम्ही राहतो घाटकोपरला, लेणी बोरीवलीला. पण पन्नास वर्षांत जाणं जमलं नव्हतं. मी तिला फोर्टातलं वस्तुसंग्रहालय सुचवलं. तिथे लिफ्ट आहे, चाकाची खुर्ची मिळते, बुद्धमूर्तीही आहेत. ती म्हणाली, काचेमागचे बुद्ध नंतरही दिसतील, डोंगरातले आता बघते.

मला अंदाजाने काही करवत नाही. आदल्या रविवारी मी एकटा जाऊन आलो. मोठा चैत्य खालीच आहे. पण आईला वरची लेणीही बघायची होती, जिथे भिक्खूंसाठी पाण्याची टाकी खोदली आहेत. तिथपर्यंत एकशे अठरा पायऱ्या भरल्या. दर वीस पायऱ्यांना बसायचं, असं वहीत लिहिलं.

त्या दिवशी सगळं वहीप्रमाणे झालं. आईने स्तूपाला वंदन केलं आणि चैत्याच्या गारव्यात बराच वेळ बसली. वर टाक्यात डोकावून म्हणाली, भिक्खूंचं बरं होतं, दारात पाणी, रांग नाही.

उतरताना माझी चूक लक्षात आली. मी फक्त चढण मोजली होती. दुखऱ्या गुडघ्यांना उतरणंच जड, आणि तिथे धरायला कठडाही नव्हता. दोन पायऱ्यांतच आई थांबली. मी म्हटलं, पाठीवर घेतो.

"सत्तर किलोची आहे मी. तुझी कंबर मोडली तर दोघांचं ऑपरेशन करावं लागेल."

मग तिने तोंड डोंगराकडे केलं, वरच्या पायरीवर हात टेकले आणि उलटी उतरू लागली. चाळीत पोटमाळ्याच्या शिडीवरून ती तीस वर्षं अशीच उतरत होती, तेही काखेत डबे घेऊन. मी एक पायरी खाली राहून तिची टाच नीट टेकते ना, एवढं बघत होतो. मागून आलेल्या दोन कॉलेजच्या मुली थोडा वेळ थांबल्या, मग हसत त्याही उलट्या उतरायला लागल्या. आई त्यांना शिकवत होती, आधी पाय चाचपा, मग भार टाका.

खाली यायला चाळीस मिनिटं लागली. आईने साडीची धूळ झटकली आणि एकूण लेणी किती, ते विचारलं. शंभरावर आहेत, मी म्हणालो, आपण सात बघितली.

"मग डॉक्टरांना सांग, गुडघे जरा टिकाऊ बसवा."