कप्तानाची कुबडी

पुस्तकांची मुखपृष्ठं रंगवणारा तो चित्रकार घरातलीच माणसं समोर उभी करून चित्र काढायचा. ओवाळून टाकलेल्या पोरांच्या अंतराळटोळीची कादंबरी आली, तेव्हा लंगडी कप्तान म्हणून त्याने लेकीलाच तिच्या रोजच्या कुबडीसकट उभं केलं. पुस्तक हातोहात खपलं. शाळेत सगळे तिला कप्तान म्हणू लागले.

दुसऱ्या भागाच्या वेळी प्रकाशक म्हणाला, "कुबडी एकदा खपते, दोनदा नाही. लेखकाला सांगून कप्तानाचा पाय बरा करून घेतलाय. धडधाकट पोरगी काढा."

सत्तेपुढे शहाणपण चालत नाही, आणि पोटापुढे तर मुळीच नाही. त्याने गुपचूप भाचीला उभं केलं.

छापून आलेलं पुस्तक लेकीने पहिल्या भागाशेजारी ठेवलं.

"बाबा, मी पहिल्याच भागात मेले का?"