गालेबोएची गाणारी बर्फपेटी

गालेबोएला गाता येत नाही, वाद्य वाजवता येत नाही, आणि नाचायला उभा राहिला की आजूबाजूचे आपापले पाय सांभाळतात. तरी दरवर्षी स्वातंत्र्यदिनाच्या सुट्टीत आमची मंडळी मिठाच्या माळावर तंबू ठोकायला निघाली की गाण्याचं खातं त्याच्याकडेच. लेतलाकाने नावाच्या आमच्या गावात तो कौन्सिलचा पाण्याचा टँकर चालवतो. टँकर सरकारचा, पण त्याचा सगळा जीव मोडक्या गाड्यांतून काढलेल्या स्पीकरांत. पहिला बाजा त्याने पत्र्याच्या बादलीत बसवला होता, तो गाण्यातली माणसं गायला लागली की खरखरायचा. दुसरा सुटकेसमध्ये. त्या सुटकेसमधून मागच्या वर्षी दुसऱ्याच गाण्याला धूर निघाला आणि गालेबोएने घाबरून तिच्यावर प्यायचं पाणी ओतलं. गाणंही गेलं, पाणीही गेलं!

तिथेच र्रा मोसवेउ म्हणाले होते, "हे बघ गालेबोए, एक संधी देतो. पुढच्या खेपेला तुझा बाजा बंद पडला तर गाणं कायमचं ओत्सिलेकडे. आणि तू लापशी ढवळायची."

र्रा, म्हणजे बाबा, मोसवेउ वयाने सगळ्यांत वडील, कामं वाटून देणार तेच. त्यांचा शब्द कोण मोडणार? आणि लापशी म्हणजे साधी गोष्ट नव्हे. आमच्यात मांस शिजवून कुटायचं ते पुरुषांनी, लापशी बायकांनी. पुरुषांच्या तळावर ज्याच्या गळ्यात लापशी पडते, त्याला पुढे वर्षभर भर रस्त्यात "काय वहिनी, गुठळ्या झाल्या का?" असं विचारतात.

ओत्सिले आमच्याच मंडळीतला; त्याने तर दुसऱ्याच आठवड्यात नवाकोरा स्पीकर विकत आणला. गुडघ्याएवढा उंच, आत लाल-हिरवे दिवे. टँकरसमोर येऊन तो मुद्दाम वाजवायचा आणि म्हणायचा, "वहिनी, पळी घेतलीस का नवीन?"

गालेबोए वरून हसायचा, आतून जळायचा. शेवटी त्याने अशी युक्ती काढली की नंतर ऐकून मी तोंडात बोट घातलं. आमच्याकडे घर तिथे निळी बर्फाची पेटी असतेच. लग्न असो, गुरांचा गोठा असो, मॅच असो, पेटीशिवाय कोणी उंबरा ओलांडत नाही. त्याने तसलीच एक पेटी घेतली, घरच्या पेटीसारखी हुबेहूब, म्हणजे ओत्सिलेला वास लागायला नको. आत टँकरची जुनी बॅटरी, दोन मोठे स्पीकर, आणि बोटाएवढ्या यूएसबी कांडीत भरलेली गाणी. गाणी कसली, कमरेला हात लावून नाचायची. आणि सगळ्यांत कहर म्हणजे फ्रीज उघडला की दिवा लागतो ना, तशी कळ त्याने झाकणाला बसवली. झाकण उघडलं की गाणं सुरू, मिटलं की गप्प. ओत्सिले थंड बाटली घ्यायला वाकेल, झाकण उघडेल आणि थेट पाठीवर आपटेल, एवढं एकच स्वप्न पाहून तो महिनाभर एकटाच हसत होता.

बायकोला, मा-कागोला, त्याने यातलं अवाक्षर सांगितलं नाही. ती चर्चच्या महिला मंडळाची पुढारी आणि ओत्सिलेची बहीण त्याच मंडळात. तिला सांगणं म्हणजे दवंडी पिटणं. मा-कागोचंही त्याच सुट्टीत प्रार्थनेचं शिबिर होतं, हमरस्त्याच्या कडेला मारुलाच्या झाडांखाली. तिने घरची पेटी बर्फाने आणि सरबताच्या बाटल्यांनी भरून स्वयंपाकघरात ठेवली होती. गालेबोएने आपली पेटी निघताना विसरायला नको म्हणून दाराशी आणून ठेवली. अति शहाणा त्याचा बैल रिकामा! सकाळी मंडळाचा ट्रक आला, बायकांनी दाराशी दिसली ती पेटी उचलली आणि गेल्या. बॅटरीही जड, बर्फही जड. कोणाला कळणार?

थोड्या वेळाने गालेबोएने उरलेली पेटी गाडीत चढवली, वर दोर बांधला आणि बजावलं, "हिला कोणी हात लावायचा नाही."

माळावर पोचले. चहूकडे पांढरी सपाट जमीन, झाड नाही, झुडूप नाही. ओत्सिलेने आपला स्पीकर गाडीच्या बॉनेटवर मांडला, दिवे लावले, फोन काढला. फोन हलवला. गाडीच्या टपावर चढला. त्याची सगळी गाणी नेटवर, आणि तिथे नेटवर्कचं नाव नाही! लाल-हिरवे दिवे मुकाट्याने लुकलुकत राहिले.

गालेबोएला तर आनंदाने धाप लागली. "असू दे रे ओत्सिले, थकला असशील. त्या पेटीतली एक थंड बाटली घे ना."

ओत्सिलेने दोर सोडला, झाकण उघडलं. गालेबोए डोळे मिटून उभा. काहीच झालं नाही. मग फस्स आवाज आला, बाटली उघडल्याचा.

"गोडमिट्ट आहे रे," ओत्सिले म्हणाला. "चर्चचं सरबत आणलंस होय?"

गालेबोएने धावत जाऊन बर्फात कोपरापर्यंत हात घातला. बर्फाखाली बर्फच. त्याने घडलं ते सगळं खरं सांगितलं, आणि हसून हसून सगळ्यांची पुरेवाट झाली. विश्वास मात्र कोणी ठेवला नाही.

"म्हणजे बाजा होता, पण तो प्रार्थनेला गेला," र्रा मोसवेउ म्हणाले. "छान. घे पळी."

तीन दिवस गालेबोएने लापशी ढवळली. गुठळ्या झाल्या. रडू येईल इतकी लाज वाटत होती त्याला.

परतताना हमरस्त्याला लागले आणि मैलभर आधीच काहीतरी धडधडायला लागलं. गाडीच्या काचा थरथरल्या.

"हा कोण एवढा मोठ्याने वाजवतोय?" ओत्सिले म्हणाला.

गालेबोए सीटवर ताठ झाला. "माझा आहे! माझाच आहे तो!"

मारुलाखाली पन्नासेक बायका, पांढऱ्या कॉलर आणि टोप्या घालून, कमरेला हात लावून नाचत होत्या. मध्ये निळी पेटी, आणि पेटीशी मा-कागो. ती झाकण उघडायची, सगळ्या नाचायच्या. झाकण मिटायची, सगळ्या "आमेन" म्हणून जिथल्या तिथे थबकायच्या. बाजूला खुर्चीत बसलेले पाळक टाळ्या वाजवत होते. पहिल्या दिवशी भर प्रार्थनेत मा-कागो त्यांच्यासाठीच बाटली काढायला गेली, झाकण उघडलं आणि गाणं दणाणलं म्हणे. तिने धाडकन मिटलं, तर डोळे न उघडताच पाळक म्हणाले, "मा-कागो, अर्ध्यात तोडू नका."

"तीन दिवस वाजतोय?" र्रा मोसवेउंनी विचारलं.

"खंड नाही," मा-कागो म्हणाली. "ऊन लागलं तर फडकं घालते. उगाच उघडझाप करू देत नाही कोणाला. पाणी तर जवळसुद्धा येऊ देत नाही."

र्रा मोसवेउंनी एकदा गालेबोएकडे पाहिलं, एकदा ओत्सिलेकडे, आणि टोपी काढली. "मग ठरलं. बाजा पास. पण बाजा चालवायला माणूस लागतो. पुढच्या वर्षी गाणं मा-कागोकडे, लापशी गालेबोएकडेच."

"ती येणार?" गालेबोए ओरडला. "पण गाडीत जागा कुठे आहे?"

"ओत्सिलेचा स्पीकर घरी राहिला की आहे."

ओत्सिले हसायला गेला आणि मध्येच थांबला. गालेबोएला राग आला, मग तो राग कुठे ठेवावा तेच कळेना. त्याचा बाजा तीन दिवस वाजला होता आणि पन्नास बायकांना घामाघूम करून अजून दमला नव्हता. छाती तर फुगली होती.

"बरं," तो शेवटी म्हणाला. "पण बॅटरी मी उचलणार. माझी आहे ती."

"उचल की," मा-कागो म्हणाली. "झाकणाला मात्र हात लावायचा नाही. आणि लापशीत मीठ मी टाकीन, तू नुसतं ढवळ."